पूर्वपक्षाचे महत्त्व

गेल्या दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आमच्या शाळेच्या वक्तृत्वमंडळाची सभा भरली होती. विषय जुनाच होता: शेती बरी की नोकरी बरी. कोणी कोणत्या पक्षाने बोलावे हे चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचे, असा या मंडळाचा प्रघात आहे. नववीतील एका विद्यार्थ्याच्या वाट्यास नोकरीचा पक्ष आला. हा मुलगा शेतकऱ्याचा. सकाळी बैलांस पाणी दाखवून मग शाळेत येणारा. तो उभा राहिला, दोन वाक्ये बोलला, आणि एकाएकी थांबून म्हणाला, "सर, हे मला पटत नाही. मी खोटे कसे बोलू?" एवढे बोलून तो खाली बसला. सभेत थोडा हशा पिकला. आम्हांस मात्र हसू आले नाही. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील बाजारास आले असता शाळेच्या फाटकाशी थांबले, आणि रागाने नव्हे, पण काहीशा दुखावलेल्या स्वरात म्हणाले, "सर, पोराले बापाच्या धंद्याइरुद्ध बोलाले काहून लावता?"

दोघांच्याही प्रश्नांत तथ्य होते, आणि फाटकाशी उभ्या उभ्या द्यावे इतके त्यांचे उत्तर सोपे नव्हते. ते येथे सावकाश देण्याचा विचार आहे. आपणास न पटणारे मत ऐकावे कशासाठी? ते स्वतःच्या तोंडाने मांडून पाहावे कशासाठी? आणि ज्या मनुष्याशी आपले पटत नाही त्याच्याशी बोलणे चालू तरी ठेवावे कशासाठी?

आपल्या देशात हा प्रश्न पूर्वीच्या पंडितांनी पुष्कळ खोलवर विचारात घेतला होता. कोणताही शास्त्रीय ग्रंथ उघडला तर त्यात प्रथम पूर्वपक्ष येतो, म्हणजे आपणास जे खोडावयाचे आहे ते प्रतिपक्ष्याचे म्हणणे. ते त्याच्या सर्व युक्तिवादांसह मांडल्यावाचून ग्रंथकारास स्वतःचा सिद्धांत सांगण्याचा अधिकार नसे. पूर्वपक्ष दुबळा करून मांडणे हे पांडित्याचे नव्हे तर भित्रेपणाचे लक्षण मानले जाई. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांचा 'सर्वदर्शनसंग्रह' हा ग्रंथ याचे उत्तम उदाहरण होय. ग्रंथकार वेदान्ती, परंतु त्यांनी आरंभीचे प्रकरण दिले आहे ते चार्वाकास, म्हणजे वेद, परलोक आणि आत्मा यांपैकी काहीही न मानणाऱ्यास. चार्वाकमताचे स्वतःचे ग्रंथ बहुतेक नष्ट झाले. आज ते मत आपणांस जे कळते ते मुख्यत्वे त्याच्या विरोधकांनी लिहून ठेवले म्हणून. शत्रूने शत्रूचे म्हणणे जपून ठेवावे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

गौतमाच्या न्यायसूत्रांत तर चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य काय ते कळावे म्हणून जी चर्चा होते तो वाद. कसेही करून आपण जिंकावे म्हणून जी होते तो जल्प. आणि स्वतःचे काहीच न मांडता केवळ दुसऱ्याचे मोडावयाचे, ती वितंडा. आज मराठीत वाद हा शब्द भांडणाच्या अर्थी रूढ झाला आहे. भाऊबंदांत धुऱ्यावरून वाद, असे आपण म्हणतो. यावरून या शब्दाची केवढी अधोगती झाली ते दिसते. वितंडेची उदाहरणे देण्याची गरज नाही. निवडणुकीच्या दिवसांत कोणत्याही पानठेल्यापाशी घटकाभर उभे राहिले म्हणजे ती वाटेल तितकी मिळतील.

ख्रिस्ती वाचकांस येथे प्रेषित पौलाची आठवण होईल. अथेनै नगरात तो प्रतिदिनी बाजारात भेटेल त्याच्याशी संवाद करीत असे, आणि अरीयपगावर बोलताना त्याने ग्रीक लोकांच्याच कवींच्या वचनांचा आधार घेतला, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात सांगितले आहे. म्हणजे त्याला ते कवी ठाऊक होते. शुभवर्तमानातील त्या कनानी स्त्रीची गोष्ट तर याहूनही विलक्षण आहे. प्रभूने दिलेल्या उत्तरास तिने नम्रपणे पण चोख प्रत्युत्तर केले, आणि त्या प्रत्युत्तराबद्दल तिला शासन नव्हे, प्रशंसा मिळाली. मुलाने उलट बोलू नये असे ज्या पालकांस वाटते (आणि शिक्षक या नात्याने आम्हांसही कित्येकदा तसेच वाटते) त्यांनी हा उतारा एकदा शांतपणे वाचावा.

तथापि आमच्या मिशनरी पूर्वजांनी हा धडा नेहमीच गिरवला असे म्हणता यावयाचे नाही. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर एक प्रसिद्ध वादविवाद झाला. एका बाजूस विष्णुबावा ब्रह्मचारी, म्हणजे पूर्वाश्रमीचे विष्णु भिकाजी गोखले. दुसऱ्या बाजूस मिशनरी आणि काही ख्रिस्ती मंडळी. त्यांत जॉर्ज बोवेन हे अमेरिकन गृहस्थ प्रमुख असत. १५ जानेवारीपासून २८ मेपर्यंत या सभा भरत राहिल्या. वाळूवर श्रोत्यांची मोठी गर्दी होई. १० मे रोजी मीरतेस उठावाचा भडका उडाला होता, तरीही त्यानंतर दोन आठवड्यांहून अधिक काळ एक संन्यासी आणि परदेशी उपदेशक एकाच वाळूवर उभे राहून धर्मासंबंधी एकमेकांस प्रश्न विचारीत होते, ही गोष्ट आजही मनास आश्चर्य वाटावयास लावते. बोवेनसाहेबांनी त्याच वर्षी या चर्चेचा वृत्तान्त इंग्रजीत छापला. विष्णुबावांच्या बाजूचा मराठी वृत्तान्त 'समुद्रकिनारीचा वादविवाद' या नावाने १८७२ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला.

परंतु खरे बोलावयाचे तर तो वाद नव्हता, जल्प होता. उभय पक्ष जिंकण्यासाठी आले होते, आणि आपापल्या अनुयायांच्या दृष्टीने उभय पक्ष जिंकले. त्या काळच्या मिशनरी पुस्तकांत हिंदू धर्माचे जे वर्णन आढळते, ते वाचून कोणताही जाणता हिंदू 'होय, माझे म्हणणे हेच आहे' असे म्हणणार नाही. आणि विरुद्ध बाजूच्या पुस्तकांतील ख्रिस्ती धर्म पाहून आम्हांसही तसेच वाटते. पूर्वपक्षाची खरी कसोटी हीच आहे. ज्याचे मत आपण सांगत आहो त्याने ते ऐकून मान डोलावली पाहिजे. असे असले तरी समुद्रकिनाऱ्यावरील त्या संध्याकाळी अगदीच वाया गेल्या असे आम्ही म्हणणार नाही. दगडाऐवजी प्रश्न फेकले गेले, हेही थोडे नव्हे.

आता अधिक जवळच्या काळातील, आणि आमच्या मते सर्वांत बोधप्रद अशा एका प्रसंगाकडे वळू.

लाहोर येथे जात-पात-तोडक मंडळ नावाची संस्था होती. जातिभेद मोडावा हाच तिचा उद्देश. १९३६ सालच्या आपल्या परिषदेचे अध्यक्षपद तिने डॉ. भीमराव आंबेडकर यांस दिले. आंबेडकरांनी इंग्रजीत विस्तृत भाषण तयार केले. तत्पूर्वी, १९३५ च्या ऑक्टोबरात, येवल्यास त्यांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केलेली होती. भाषणाचा मजकूर पाहून मंडळाची मंडळी घाबरली. जातिभेदाचे मूळ शास्त्रप्रामाण्यात आहे, ते प्रामाण्य सोडल्यावाचून जात जाणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. काही भाग गाळावा अशी विनंती झाली. आंबेडकरांनी एक स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला. शेवटी मंडळाने परिषदच रद्द केली. ज्यांचे ध्येय जात मोडणे, त्यांनाच जात कशी मोडेल याविषयीचे एक मत ऐकवेना!

आंबेडकरांनी ते भाषण मे १९३६ मध्ये स्वखर्चाने छापले. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. लाहोरच्या मांडवात जितक्यांनी ते ऐकले असते त्याहून कितीतरी अधिक लोकांनी ते तेव्हापासून आजपर्यंत वाचले आहे. त्याच सुमारास, ३० एप्रिल १९३६ रोजी, गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास आले होते. तेच गाव पुढे सेवाग्राम झाले. आपल्या तालुक्यातून वर्धा नदी ओलांडली की तो मुलूख लागतो. गांधीजींस त्या भाषणातील पुष्कळ गोष्टी मान्य नव्हत्या. परंतु जुलै महिन्यात 'हरिजन' पत्रात त्यांनी त्यावर दोन लेख लिहिले, आणि आरंभीच मंडळास दोष दिला. अशा योग्यतेच्या पुरुषाचे विचार ऐकण्याच्या संधीस मंडळाने लोकांस मुकविले, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुस्तिकेची किंमत आठ आणे होती. ती दोन, निदान चार आणे करावी, अशीही सूचना त्यांनी केली. आपणास न पटणारे पुस्तक लोकांनी अधिक घ्यावे म्हणून त्याची किंमत उतरवावयास सांगणारा टीकाकार विरळाच म्हणावयाचा.

मग त्यांनी आपला विरोध मांडला. धर्माची पारख त्याच्या निकृष्ट नमुन्यांवरून न करता त्याने निर्माण केलेल्या उत्कृष्ट माणसांवरून करावी, जातीचा धर्माशी संबंध नाही, वर्णव्यवस्था निराळी. आंबेडकरांनी त्यास उत्तर लिहिले, आणि ते गुळमुळीत नव्हते. संतांनी जातिव्यवस्थेविरुद्ध मोहीम कधी उभारली, असा त्यांचा सवाल होता. वडिलोपार्जित धंदा करणे हा जर धर्म, तर स्वतः महात्म्यांच्या घराण्याने तो कधी पाळला, हेही त्यांनी विचारले. या लेखकाच्या मते उत्तराचे पारडे मूळ टीकेहून जड आहे. वाचकांचे मत वेगळे असू शकेल, आणि ते तसे असल्यास त्यांनी दोन्ही बाजू वाचूनच ते बनवावे. कारण तसे करणे आंबेडकरांनी सोपे करून ठेवले. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी स्वतःच्या भाषणाबरोबर गांधीजींचे ते लेखही छापले, आणि मग आपले उत्तर जोडले. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष एकाच बांधणीत! न्यायसूत्रांच्या कर्त्यास ही गोष्ट आवडली असती. तिजकडे ज्या ग्रंथांच्या प्रामाण्याविरुद्ध ते भाषण होते त्यांच्याच परंपरेतील एक सद्गुण म्हणून पाहिले, तर आंबेडकर रागावले असते की हसले असते, हे सांगवत नाही.

येथे एका गोष्टीचा खुलासा करणे अवश्य आहे. हे दोघे समान भूमीवर उभे राहून बोलत नव्हते. एकास जातिभेद हा विचाराचा विषय होता. दुसऱ्यास लहानपणी शाळेत वेगळे बसावे लागले होते आणि हाताने पाणी घेता येत नव्हते. ज्यास अपमान सोसावा लागला त्याने अपमान करणाऱ्याशी गोड बोलत राहावे, असा आमच्या लेखाचा अर्थ कोणी काढू नये. तुम्ही मनुष्यच नाही, असे म्हणणाऱ्याशी चर्चा करण्याचे कर्तव्य कोणावरही नाही. चर्चेचे कर्तव्य प्रथम येते ते बळवानावर. ऐकण्याचे तर त्याहून अधिक.

अशीच एक गोष्ट आमच्याच जिल्ह्यात, २०१९ साली घडली, आणि ती पुष्कळ पालकांच्या स्मरणात असेल. ११ ते १३ जानेवारी या दिवसांत यवतमाळ येथे ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. यापूर्वी १९७३ साली ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली यवतमाळास संमेलन झाले होते. तब्बल सेहेचाळीस वर्षांनी हा मान पुन्हा मिळाल्याने सगळीकडे उत्साह होता. अध्यक्षा अरुणा ढेरे. उद्घाटनास नयनतारा सहगल यांस बोलाविले होते. या इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिका. १९८६ साली मिळालेला साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांनी २०१५ साली, देशात विचारस्वातंत्र्य धोक्यात आले आहे असे सांगून, परत केला होता. त्यांचे वडील रणजित पंडित हे महाराष्ट्रीय कुळातले, 'राजतरंगिणी'चे इंग्रजी भाषांतरकार. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगून १९४४ साली ते निवर्तले. निमंत्रण गेले, त्यांनी ते स्वीकारले, भाषण लिहून पाठविले. नंतर विरोध सुरू झाला, संमेलन उधळले जाईल अशी भीती निर्माण झाली, आणि आठवडाही उरला नसता निमंत्रण परत घेण्यात आले. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. कित्येक लेखकांनी येण्याचे रद्द केले.

विरोधकांचा पूर्वपक्ष आपण प्रामाणिकपणे मांडून पाहू. मराठी साहित्याच्या उत्सवाचे उद्घाटन मराठी लेखकाच्या हस्ते का नसावे? मराठीत लिहिणाऱ्यांस आधीच मान थोडा. घरच्या कार्यात तरी पहिले पान घरच्यास मांडावे. हा मुद्दा क्षुल्लक नाही. या लेखकास तो अर्धाअधिक पटतोही. त्यावर महिनाभर आधी, निमंत्रण देण्यापूर्वी, खुली चर्चा झाली असती तर विरोधकांचा पक्ष कदाचित जिंकलाही असता. परंतु एकदा पाहुण्यास बोलावून, पान वाढल्यावर त्यास उठविणे, आणि तेही गडबड होईल या भयाने, हे निराळे. त्यामुळे झाले असे की मराठीच्या मानाचा तो चांगला मुद्दा कोणाच्या लक्षातच राहिला नाही. सर्वांच्या लक्षात राहिले ते उठविलेले पान. आपल्या मताचा सर्वांत मोठा अपघात असा आपल्याच हातून होतो.

आणि भाषण? ते वृत्तपत्रांनी मराठीत छापले. जे मांडवात झोपी गेले असते त्यांनीही ते घरी जागे राहून वाचले. त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबईत दादरला मराठी लेखक-कलावंतांनी सहगल यांस सन्मानाने बोलाविले. लाहोर आणि यवतमाळ यांत त्र्याऐंशी वर्षांचे अंतर. गोष्ट मात्र एकच.

संमेलनाचे उद्घाटन अखेर झाले ते कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे यांच्या हस्ते. पतीच्या आत्महत्येनंतर कुटुंब सावरणारी ही शेतकरी स्त्री. त्यांनी व्यासपीठावरून विधवा शेतकरणीची व्यथा सांगितली, आणि साहित्याच्या मांडवात सहसा न येणारा एक आवाज त्या दिवशी तेथे आला. ही गोष्ट चांगली झाली. मात्र एकीचा आवाज यावा म्हणून दुसरीचा बंद करावा लागत नाही. मांडव पुरेसा मोठा होता. आम्ही तेथे शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तके घेण्यास गेलो होतो. चहाच्या टपरीवर या प्रकरणावर जोरजोराने बोलणे चालले होते. भाषण वाचले आहे काय, असे आम्ही तिघाचौघांस विचारले. बहुतेकांनी वाचले नव्हते. ज्यांना ते फार आवडले होते त्यांनीही नाही.

कोणी म्हणेल, ही थोरामोठ्यांची उदाहरणे झाली. आम्हांस याचा काय उपयोग? उपयोग घरातच आहे. ग्रामपंचायतीच्या एका निवडणुकीवरून दोन सख्ख्या भावांनी पोळ्याला एकमेकांचे बैल पुजावयाचे सोडले, असे घर या तालुक्यात एकच नाही. टिळक-आगरकरांचे उदाहरण पाहा. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात दोघे डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र राहिले. राजकीय सुधारणा आधी की सामाजिक, हा मतभेद होताच. पण तोवर तो एका खोलीतला होता. आगरकरांनी केसरी सोडून १८८८ साली 'सुधारक' काढल्यानंतर तो दोन पत्रांतला झाला, आणि पुढे इतका कडवट झाला की एका काळचे जिवलग मित्र एकाच गावात परक्यांसारखे राहिले. आगरकर १८९५ साली, अवघ्या अडतिसाव्या वर्षी वारले, आणि केसरीत मृत्युलेख लिहिण्याची वेळ टिळकांवर आली. त्या मतभेदाने महाराष्ट्राचा विचार समृद्ध झाला, हे खरे. अबोल्याने काय मिळाले ते मात्र आम्हांस अद्याप उमगलेले नाही.

विरुद्ध मत ऐकल्याने आपले मत बदललेच पाहिजे असे नाही. बहुधा ते बदलत नाही. पण ते आपले होते. वडिलांकडून, जातीकडून, चर्चकडून किंवा पक्षाकडून आलेले मत हे वारशाने आलेल्या शेतासारखे आहे. सातबाऱ्यावर नाव लागले तरी जोवर स्वतः डवरणी केली नाही तोवर त्यातला दगड कोठे आणि ओल कोठे ते कळत नाही. प्रतिपक्षी हा फुकटात आपले शेत नांगरून देतो. तो ते वाईट हेतूने करतो की चांगल्या, याने जमिनीस फरक पडत नाही.

एवढे लिहून थांबलो तर हा लेख दुसऱ्यास उपदेश होईल. म्हणून स्वतःविषयी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे.

काही वर्षांपूर्वी दहावीच्या वर्गात काटकसरीवरील एक धडा शिकविताना आम्ही मोठ्या आवेशाने म्हणालो की शेतकरी बुडतो तो लग्नकार्यातील उधळपट्टीने. ऐपत पाहून खर्च केला तर सावकाराचे तोंड पाहावे लागणार नाही. मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, तुमचा पगार एक तारखेला येतो. आमचा वर्षातून एकदा येतो, अन् कधी येतच नाही." वर्गात शांतता पसरली. आम्ही त्यास उत्तर दिले नाही. उद्धटपणे बोलू नकोस, खाली बैस, असे म्हणून धडा पुढे नेला. तो बसला. त्यानंतर वर्षभर त्याने आमच्या तासाला एकही प्रश्न विचारला नाही.

परीक्षेचा अर्ज त्याने वेळेवर भरला नाही, म्हणून आम्ही त्याच्या घरी गेलो. ओसरीवर त्याच्या वडिलांनी बसावयास दिले, चहा झाला, आणि बोलता बोलता त्यांनी एक मळकी वही काढली. ४ एकरांतील पऱ्हाटीचा हिशेब होता. बियाण्याच्या पिशव्या, खत, तीन वेळचे निंदण, फवारणी, वेचणीची मजुरी, जिनिंगपर्यंतचे भाडे. त्या वर्षी बोंडअळीने निम्मे पीक नेलेले. लग्नाचा खर्च वहीत कोठेच नव्हता. आम्ही वही परत दिली आणि म्हणालो, "तुमचा मुलगा वर्गात बरोबर बोलला होता. मी त्याला गप्प केले."

तेव्हा ते वडील थोडा वेळ गप्प राहिले, आणि मुलगा आत गेल्याचे पाहून हळू आवाजात म्हणाले, "सर, तुमचंही खोटं नाही. थोरलीच्या लग्नाचं कर्ज या वहीत नाही लिहिलं. ते दुसऱ्या वहीत आहे. पोराले माहीत नाही."

त्या मुलाशी पुढे आमचे बोलणे झाले. आता तो हिंगणघाटास एका जिनिंगमध्ये हिशेबनीस आहे आणि पोळ्याला घरी आला की भेटून जातो. दुसऱ्या वहीविषयी आम्ही त्यास कधी सांगितले नाही.

वक्तृत्वमंडळाचा आमचा नववीतील तो विद्यार्थी, त्याने या महिन्याच्या सभेसाठी नोकरीचा पक्ष आपण होऊन मागून घेतला आहे. चिठ्ठी नको म्हणाला. मंडळाने यंदा असा नियम केला आहे की प्रत्येकाने प्रथम प्रतिपक्षाचे म्हणणे मांडावे, आणि ते बरोबर मांडले असे प्रतिपक्षाने सांगितल्यावरच स्वतःचे बोलावे. तयारीसाठी तो राळेगावच्या बसस्थानकावर जाऊन आपल्या मामांस भेटला. ते एस. टी.त वाहक आहेत. त्यांनी त्यास पगाराची पावती दाखविली, आणि कापून गेलेल्या रकमाही दाखविल्या. वडिलांस सभेचे निमंत्रण गेले आहे. कापसाची वेचणी आटोपली तर येतो, असा त्यांचा निरोप आहे.